कुजबुजणारं गवत आणि देवळाली कॅम्प

1975 च्या जून महिन्यात ब्रिटनमध्ये सलग तीन आठवडे पहिल्या नंबरावर असलेलं गाणं आमच्या देवळाली कॅम्पातलं होतं.

थांबा, लगेच हसू नका. गाणं मूळचं अमेरिकेतलं, गाणारे दोघे ब्रिटिश नट, आणि त्या दोघांनी कामासाठी देवळालीत पाऊल टाकायची वेळ कधी आलीच नाही, हे सगळं मान्य. पण ते गाणं ज्या दोन पात्रांच्या तोंडी होतं ती पात्रं राहायला आमच्याकडे होती. 1945 सालच्या देवळाली कॅम्पात, तोफखान्याच्या डेपोत. रेकॉर्डच्या लेबलवरसुद्धा नटांच्या नावाबरोबर पात्रांची नावं छापलेली आहेत: विंडसर डेव्हिस म्हणजे सार्जंट मेजर विल्यम्स, आणि डॉन एस्टेल म्हणजे गनर सग्डेन, ऊर्फ लॉफ्टी.

गाण्याचं नाव 'व्हिस्परिंग ग्रास'. कुजबुजणारं गवत.

आमच्या घरी या गाण्यावरून दोन तट आहेत. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला लेस्टरचा माझा आत्येभाऊ. (दादा, तू हे वाचणार आहेस हे मला माहीत आहे. तुझी बाजू खाली येतेच आहे, जरा दम धर.) पण त्याआधी थोडा इतिहास, कारण तो कळल्याशिवाय भांडण कळणार नाही.

कॅम्पात वाढलेल्या प्रत्येकाला कधी ना कधी कुणीतरी सांगतंच, की इंग्रजीत 'डूलाली' असा एक शब्द आहे आणि तो आपल्या गावावरून आलाय. अर्थ: डोकं फिरलेला. ज्या नावात देऊळ आहे त्याचं इंग्रजांनी वेडाच्या शब्दात रूपांतर केलं. पूर्वी देवळाली हा गोऱ्या सैनिकांचा ट्रान्झिट कॅम्प होता. हिंदुस्थानातली नोकरी संपली की सैनिक इथे येऊन मुंबईहून सुटणाऱ्या जहाजाची वाट बघत बसायचे. सैन्य नेणारी जहाजं सुटायची ती साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात. ज्याची मुदत एप्रिलात संपली त्याने पुढचे सहा-सात महिने करायचं काय? काम नाही, घरी जाता येत नाही, उकाडा, दारू, मलेरिया. त्यात काहींची डोकी सटकायची. त्याला सैनिक 'डूलाली टॅप' म्हणायचे. यातला टॅप म्हणजे दुसरंतिसरं काही नाही, आपला साधा ताप! फ्रँक रिचर्ड्‌स नावाच्या एका सैनिकाने 1936 सालच्या 'ओल्ड सोल्जर साहिब' या पुस्तकात या तापाबद्दल लिहिलंय. पुढे ताप गळून पडला आणि नुसतं डूलाली उरलं.

गंमत म्हणजे आपल्याकडे देवळालीची ओळख नेमकी उलटी. मुंबईची पारशी, गुजराती कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या इथे हवापालटाला येत आली, इथली सॅनेटोरियमं त्यासाठीच. एकाच हवेत मुंबईकराची तब्येत सुधारते आणि साहेबाचं डोकं फिरतं. असो.

तर अशा या कॅम्पात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जिमी पेरी नावाचा एक तरुण येऊन पडला. तो रॉयल आर्टिलरीत होता आणि इथल्या कॉन्सर्ट पार्टीत कामं करायचा. कॉन्सर्ट पार्टी म्हणजे सैनिकांनीच सैनिकांसाठी चालवलेलं कलापथक. नकला, विनोदी प्रवेश, बायकांचे कपडे घालून नाच, आणि गाणी. तीस वर्षांनी हाच पेरी ब्रिटनमधला नावाजलेला विनोदी लेखक झाला होता. डेव्हिड क्रॉफ्ट या जोडीदाराबरोबर त्याने आधी 'डॅड्‌स आर्मी' लिहिली, आणि मग स्वतःच्या देवळालीच्या दिवसांवर एक मालिका: 'इट एन्ट हाफ हॉट मम'. मराठीत सांगायचं तर 'आई गं, काय हा उकाडा!' (हवापालटाच्या गावावर मालिका काढायची आणि तिचं नाव हे.) 1974 ते 1981 या काळात बीबीसीवर तिचे 56 भाग झाले. पुढच्या सीझनांमध्ये ही मंडळी ब्रह्मदेशाच्या आघाडीकडे हलतात, पण सुरुवात आमच्या कॅम्पात. चित्रीकरण मात्र सगळं इंग्लंडात. लॅम रोडवरचं एकही झाड त्यात नाही.

सार्जंट मेजर विल्यम्स हा दणकट, मिशाळ, सतत ओरडणारा वेल्श माणूस. कलापथकातल्या नाजूक पोरांना मर्द बनवून जंगलात लढायला पाठवावं एवढीच त्याची इच्छा. आणि लॉफ्टी हा त्याच्या बरोबर उलट. लॉफ्टी म्हणजे उंच, तर हा पावणेपाच फुटी, गोल, भल्यामोठ्या सोला हॅटखाली निम्मा झाकलेला. पण तोंड उघडलं की आवाज असा गोड निघतो की बघणारा चक्रावतो. डॉन एस्टेल खरोखरच चांगला टेनर गायक होता.

आता गाणं. 'व्हिस्परिंग ग्रास' 1940 साली फ्रेड फिशर आणि त्याची मुलगी डोरिस यांनी लिहिलं. बापलेकीने मिळून लिहिलेलं प्रेमाच्या गुपिताचं गाणं ही कल्पनाच मला आवडते. गवताला विनवलंय, की बाई गं, तू ऐकलंस ते झाडांना सांगू नकोस. ते गाजवलं 'द इंक स्पॉट्‌स' या कृष्णवर्णीय अमेरिकन गायकांच्या चमूने. त्यांची एक ठरलेली रीत होती. आधी बिल केनी अगदी उंच, रेशमी आवाजात गाणं म्हणणार. मग मध्येच हॉपी जोन्स खर्जात तेच शब्द नुसते बोलणार, गायचे नाहीत, कुणी मोठ्या भावाने समजूत काढावी तसे. आणि मग पुन्हा केनी.

आता डेव्हिस आणि एस्टेल यांची रेकॉर्ड ऐका. लॉफ्टी उंच आवाजात गातो, आणि मध्ये सार्जंट मेजर आपल्या खर्जात बोलतो. म्हणजे नवीन काय केलं? काहीच नाही! इंक स्पॉट्‌सचा साचा तसाच्या तसा उचललाय. पण केनीच्या जागी बुटका गनर आणि जोन्सच्या जागी त्याच्यावर दिवसभर खेकसणारा सार्जंट मेजर ठेवला, की त्याच गाण्याचा अर्थ बदलतो. जो माणूस परेडवर कुणाला श्वास घेऊ देत नाही तो इथे हळू आवाजात गवताला समजावतोय. हसू येतं. आणि दोन मिनिटांनी हसू थांबतं, कारण एस्टेल अजिबात थट्टेने गात नाही. तो मनापासून गातो. मला वाटतं ही रेकॉर्ड इतकी खपली ती त्यामुळे. नुसता विनोद असता तर लोकांनी एकदा ऐकून सोडून दिला असता.

(तारखा जुळवताना एक गोष्ट लक्षात आली. 25 जूनला रात्री आपल्याकडे आणीबाणी आली, आणि त्याच महिन्यात ब्रिटनमध्ये हे गाणं पहिलं होतं. ऐकलेलं कुणाला सांगू नकोस म्हणणारं! योगायोग आहे, पण सांगितल्याशिवाय राहवेना.)

यशानंतर व्हायचं ते झालं. आधी 'पेपर डॉल' ही दुसरी सिंगल आली. तेही जुनंच गाणं, 1943 साली मिल्स ब्रदर्सनी गाजवलेलं. ती काही फार चढली नाही. पण 'सिंग लॉफ्टी' नावाची अख्खी एलपी निघाली आणि 1976 च्या जानेवारीत ब्रिटनच्या अल्बमांच्या यादीत दहाव्या नंबरापर्यंत पोचली. तीच एलपी दादाने मला पाठवली. तिकडे जुन्या वस्तूंच्या दुकानात एका खोक्यात पडलेली दिसली म्हणून घेतली, आणि सोबत चिठ्ठी: 'तुमच्या गावची रेकॉर्ड. ऐक आणि फेकून दे.'

फेकली नाही. उलट तिच्यामुळे मी इतर रेकॉर्डींकडे वळले, कारण हे 1973 ते 75 चं प्रकरण मोठं मजेशीर आहे. त्या दोन-तीन वर्षांत रॉकमधल्या भल्याभल्यांना एकदम दुसऱ्यांची गाणी गावीशी वाटू लागली होती. ऑक्टोबर 1973 या एकाच महिन्यात डेव्हिड बोवीची 'पिन अप्स' आणि ब्रायन फेरीची 'दीज फूलिश थिंग्ज' या दोन एलपी आल्या. दोन्हींत सगळी कव्हर गाणी, म्हणजे आधी दुसऱ्याने गायलेली. बोवीने आपल्या उमेदवारीच्या दिवसांतली लंडनची गाणी घेतली. फेरीने तर बॉब डिलनच्या शेजारी 1936 सालचं गाणं ठेवलं आणि अख्ख्या एलपीला त्याचंच नाव दिलं. 1975 च्या फेब्रुवारीत जॉन लेननची 'रॉक अँड रोल' आली. तिची जन्मकथा कोर्टातली. बीटल्सच्या 'कम टुगेदर'मध्ये चक बेरीच्या गाण्याची सावली पडली म्हणून बेरीच्या प्रकाशकाने दावा लावला, आणि तडजोड अशी की लेननने त्या प्रकाशकाच्या मालकीची काही जुनी गाणी रेकॉर्ड करायची. एका ओळीचा दंड म्हणून दुसऱ्यांची गाणी गा! पण तो गायला तेही पोटतिडकीने, कारण पोरवयात हॅम्बुर्गच्या क्लबांत तो रात्र रात्र असलीच गाणी म्हणत होता. एलपीच्या मुखपृष्ठावर फोटोही हॅम्बुर्गचाच आहे, 1961 चा.

या रांगेत मी 'सिंग लॉफ्टी'ला उभं करते तेव्हा रॉकवाले मित्र नाक मुरडतात. कुठे बोवी आणि कुठे सोला हॅटवाला गनर! गायकीत तुलना नाहीच, मान्य. पण ऊर्मी एकच आहे. प्रत्येकजण आपल्या घडणीच्या काळातली गाणी आजच्या तोंडाने म्हणतोय. पेरीचा देवळालीचा काळ म्हणजे नेमका इंक स्पॉट्‌सचा काळ.

आणि त्या वर्षाची आणखी एक गंमत. 1975 च्या नोव्हेंबर अखेरीस ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरावर गेलं ते 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी', आणि नऊ आठवडे तिथेच बसलं. गायक फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे आमच्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला फारुख बुलसारा. तिथे शाळेतल्या 'द हेक्टिक्स' या बँडमध्ये तो पियानो वाजवायचा. बँड अर्थात दुसऱ्यांचीच गाणी वाजवायचा, शाळकरी बँड आणखी काय वाजवणार? म्हणजे एकाच वर्षात ब्रिटनच्या पहिल्या नंबरावर एकदा पाचगणी आणि एकदा देवळाली! 1976 च्या जानेवारीत तर क्वीनची एलपी आणि 'सिंग लॉफ्टी' एकाच यादीत होत्या. पुढे 1987 साली फ्रेडीने प्लॅटर्सचं 1955 मधलं 'द ग्रेट प्रिटेंडर' गायलं. सोंग आणणाऱ्याचं ते गाणं त्याच्या तोंडी असं बसलं, की आज कित्येकांना ते त्याचंच वाटतं.

आपल्याकडे याला 'कव्हर' म्हणत नाहीत, पण गोष्ट आपल्याला परकी नाही. नाट्यसंगीतातली कितीतरी पदं दुसऱ्या चीजांच्या, ठुमऱ्यांच्या चालींवर उभी आहेत, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटला नाही. कुमार गंधर्वांनी बालगंधर्वांची पदं आपल्या पद्धतीने गायली आणि तिला नाव दिलं 'मला उमजलेले बालगंधर्व'. मला हे नाव कायम फार आवडत आलंय. हे बालगंधर्व नव्हेत, त्यांची नक्कलही नव्हे, मला जे उमजले ते. तरी नाक मुरडणारे तेव्हाही होतेच. (बालगंधर्वांवरून आठवलं. मालिकेत कलापथकातल्या ज्या गनरला बायकी कपड्यांवरून सार्जंट मेजर घालूनपाडून बोलतो, त्याला आपल्याकडे लोकांनी शालू घेऊन दिला असता.)

आता दादाची बाजू. आत्याचं कुटुंब सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला लेस्टरला गेलं. ही मालिका लागायची तेव्हा दादा शाळेत होता. मालिकेत रंगी राम नावाचा एक हिंदुस्थानी बेअरर आहे. साहेबांवर जीव टाकणारा, स्वतःला 'आम्ही ब्रिटिश' म्हणवून घेणारा. ही भूमिका मायकेल बेट्‌स या गोऱ्या नटाने चेहऱ्याला तपकिरी रंग लावून केली. त्याचा जन्म झाशीचा, त्याला हिंदुस्थानी बोलता येत होतं, तो वाईट नट नव्हता, हे सगळं खरं. पण दुसऱ्या दिवशी शाळेच्या मैदानावर दादाला त्या उच्चारांत हाका मारल्या जायच्या. त्याला चहा आणायला सांगायचे. गाव कुठलं विचारलं तर तो नाशिक म्हणायचा, देवळाली म्हणायची सोय नव्हती. कारण मग 'डूलाली'!

"तू देवळालीत बसून ऐकतेस," तो मला म्हणाला, "मी त्यांच्यात बसून ऐकलंय."

यावर मी काय बोलणार? पेरी शेवटपर्यंत म्हणत राहिला की ही आपली सगळ्यात विनोदी मालिका. तो 2016 साली गेला. बीबीसीने मात्र गेली कित्येक वर्षं ती पुन्हा दाखवलेली नाही, आणि दादाच्या मते तेच बरोबर आहे. मालिकेपुरतं मलाही ते पटतं. दुसऱ्याचं गाणं गाणं वेगळं आणि दुसऱ्याचा चेहरा लावणं वेगळं. गाणं मूळ गाणाऱ्याकडेही राहतंच, बिल केनीचं तर ऐकायला आजही मिळतं. रंगी रामचा चेहरा लावला तेव्हा ती जागा ज्याची होती तो नट घरी बसला.

पण एवढ्यासाठी मी रेकॉर्ड फेकणार नाही, आणि कारण भावनिक नाही, ऐतिहासिक आहे. मालिकेतली देवळाली खोटी आहे: झाडं खोटी, उकाडा खोटा, बेअरर खोटा. गाणं मात्र खरं आहे. कॉन्सर्ट पार्टीत सैनिक गायचे ती गाणी त्यांची थोडीच होती? ती लंडनची होती, न्यूयॉर्कची होती. तात्पुरत्या बांधलेल्या स्टेजवर कुणा गनरने ती आपल्या आवाजात म्हणायची, आणि खाली बसलेल्यांना घर आठवायचं. कॅम्पचं संगीत म्हणजे उसनं संगीतच. इथे कोण कायमचा होता? सैनिक जहाजाची वाट बघणारा, पारशी बाई तब्येतीची वाट बघणारी. रेस्ट कॅम्प रोड असं ज्या गावच्या रस्त्याचं नाव आहे तिथे उसन्या गाण्याची लाज कशाला? भगूरच्या जत्रेतलं, दारणाकाठच्या भजनी मंडळांचं गाणं इथलं आहेच, ते वेगळं. पण कॅम्पचं जे म्हणून गाणं, ते असंच दुसऱ्याकडून आलेलं. म्हणून 'व्हिस्परिंग ग्रास' मला त्या मालिकेपेक्षा जास्त देवळालीचं वाटतं.

दादाला हे पटलेलं नाही. पटावं असा आग्रहही नाही.

डॉन एस्टेलचं पुढे फारसं काही झालं नाही. मालिका संपल्यावर तो खाकी हाफ पँट आणि सोला हॅट घालून इंग्लंडातल्या शॉपिंग सेंटरांतून हीच गाणी म्हणायचा आणि आपल्या कॅसेटी विकायचा. 2003 साली तो गेला. विंडसर डेव्हिस 2019 मध्ये.

एक माणूस राहिलाच. मालिकेत एक चहावाला आहे, मुहम्मद. ते काम दिनो शफीक या ढाक्यात जन्मलेल्या नटाने केलं, म्हणजे रंग न लावता. दोन प्रवेशांच्या मध्ये हा चहावाला सतारीच्या साथीवर त्या काळची लोकप्रिय इंग्रजी गाणी गुणगुणतो. साहेबांचीच गाणी, आपल्या गळ्याने, आपल्या हेलाने. रेकॉर्ड गाजली ती त्या दोघांची, पण मला विचाराल तर मालिकेतली सगळ्यात चांगली कव्हरं याची आहेत. दादालासुद्धा तो आवडायचा, हे त्याने मागच्या फोनवर जरा आढेवेढे घेत कबूल केलं. प्रत्येक भागाच्या शेवटी नावं वर सरकत असताना हा चहावाला 'लँड ऑफ होप अँड ग्लोरी' म्हणायला घेतो, तेच ते साम्राज्याच्या वैभवाचं गाणं. आवाज जरा कुठे वर चढतो, आणि पडद्यामागून सार्जंट मेजर ओरडतो, गप्प बस!